पुलावरचा सांधा

सीटकाकूंच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक निदान पाऊण तास तरी जागचं हलत नसे, आणि यात काकूंच्या गोड बोलण्याचा काडीइतकाही वाटा नव्हता. गोड बोलणं त्यांना जमतच नसे. कारण अगदी साधं होतं. गिऱ्हाइकाच्या मोटरसायकलची सीट काढून काकूंनी टेबलावर उलटी टाकलेली असायची, आणि बिनसीटच्या गाडीवर बसून घर गाठणारा शूरवीर अजून जन्माला यायचाय. जुनं रेक्झीन सोलायचं, खालचा फोम चाचपायचा, नवीन कापायचं, शिवायचं, ताणून पिना मारायच्या. तोवर मालक बिचारा भिंतीलगतच्या बाकावर बसून काय करणार? काकूंचं ऐकणार.

काकू सांगायच्या ते एकाच विषयावर. दुचाकी चालवणारा माणूसही कर भरतो, त्यालाही हाडं असतात, आणि रस्ता काही फक्त चार चाकांसाठी बांधलेला नाही. बोलता बोलता दाताखालचा दोरा तटकन तोडायच्या, आणि पुढच्या सुईत ओवेपर्यंत समोरच्याच्या हातात अर्ज आणि पेन आलेलं असे. दुचाकीस्वार संघटनेचे निम्म्याहून अधिक सभासद असे बाकावर सापडलेले होते. शेजारच्या गॅरेजचा फिटर संघटनेचा अध्यक्ष. अध्यक्षाचं काम माईक धरणं आणि फोटोत मधोमध उभं राहणं. बाकी पत्रं, खेटे, भांडणं, पाठपुरावा, सगळं चिटणीस म्हणून काकूंकडे. चौदा वर्षं, बिनपगारी.

आणि नुसती बडबड नव्हती बरं का. चौकातल्या वळणावर बांधकामाची वाळू सांडायची, ती रोज पहाटे झाडून घ्यायला लावली ती काकूंनी. रुग्णालयाच्या आवारात दुचाक्यांना पार चिखलात उभं करायचे, तिथे फरशी आणि छप्पर आलं ते काकूंमुळे. त्या कामासाठी त्या सतरा वेळा एकाच साहेबाकडे गेल्या. अठराव्या वेळी साहेबाने त्यांना जिन्यात पाहूनच सही केली म्हणतात.

ऑफिसात जायची त्यांची शिस्त ठरलेली. कपडे स्वच्छ, हेल्मेट काखेत, कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि तोंडात एकच वाक्य: इतकी वर्षं गाडी चालवतो, एकदाही पडलो नाही. या वाक्यावर काकूंचा फार जीव. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. कुठे अपघात झाला की दुसऱ्या दिवशी छापून येतं, भरधाव दुचाकीस्वार. अरे, तो बिचारा भाजी घेऊन तीसच्या वेगाने घरी चालला होता, पण लिहिताना तो भरधावच. या बदनामीवर काकूंनी काढलेला हा उतारा होता. आपली माणसं नीट चालवतात, आपली माणसं पडत नाहीत. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला त्या छाती पुढे काढून सांगत, "माझ्या घरात तीन माणसं गाडीवर बसतात. एकही कधी पडलेलं नाही."

ती तीन माणसं म्हणजे स्वतः काकू, त्यांच्या मागे बसणारे त्यांचे यजमान, आणि सून. यजमान शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मुलगा जहाजावर. आठ महिने पाण्यावर आणि दोन महिने घरात, त्या दोनातला एक झोपेत. सून नदीपलीकडच्या रुग्णालयात नर्स. अडीच वर्षांची नात आजीआजोबांजवळ. सकाळी सहा चाळीसला सून गाडीला किक मारायची, पूल ओलांडायची आणि सातला कामावर हजर. चारला पुन्हा घरी. घराचं सगळं चक्र त्या वीस मिनिटांवर चालत होतं.

तर याच पुलावर एक दिवस पाटी लागली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून पुलावर दुचाकींना बंदी. अपघात वाढलेत. दुचाकीस्वारांनी खालच्या जुन्या रस्त्याने जावं. कोणाला हरकत असेल तर दहा दिवसांनी सुनावणी आहे.

खालचा रस्ता म्हणजे नदीला वळसा घालून चांगला सव्वा तास. जाऊन येऊन अडीच. त्या दिवशी सून घरी आली ती हातात एक फॉर्म घेऊनच. रुग्णालयाच्या आवारात कर्मचाऱ्यांना खोल्या मिळत होत्या, त्याचा.

"आई, मी अर्ज करून ठेवते," ती म्हणाली. "तिकडे पाळणाघरही आहे. बंदी आलीच, तर छोटीला घेऊन मला तिकडेच राहावं लागेल. रविवारी येत जाऊ आम्ही."

काकूंनी नातीकडे पाहिलं. ती मास्तरांच्या चष्म्याची काडी चावत बसली होती. पण डगमगतील तर त्या काकू कसल्या.

"अर्ज ठेव तुझ्या पर्समध्ये," त्या म्हणाल्या. "पूल काही कोणाच्या बापाचा नाही."

दुसऱ्या दिवशी काकू फिटरला घेऊन पुलावर जाऊन उभ्या राहिल्या. दोष कुठे आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. पुलाच्या मधोमध, डाव्या वळणावर, दोन तुकड्यांच्या सांध्यात एक लोखंडी पट्टी आडवी बसवलेली. ती एका बाजूने दोन बोटं वर आलेली आणि चाकांनी घासून घासून आरशासारखी गुळगुळीत झालेली. मोटारवाल्याला तिथे नुसता खट् असा आवाज येई. दुचाकी वळणात झुकलेली असली आणि पट्टी जराशी ओली असली, की मागचं चाक सुटलंच. काकूंनी पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे दुरुस्त करायचं सोडून माणसंच बंद करतायत. डोकं दुखतंय म्हणून टोपीवर बंदी घालण्यातला प्रकार."

मग काकूंनी कंबर कसली. दहा दिवसांत बासष्ट माणसांचे जबाब लिहून घेतले. टपालवाला, गॅसची टाकी पोचवणारा, शाळेतल्या बाई, दोन वायरमन, झाडून सगळे. काकू मशीनवर पाय चालवत मजकूर सांगत आणि माणूस बाकावर बसून लिहून काढी. इतकी वर्षं या पुलावरून रोज जातो. सांधा धोकादायक आहे, तो दुरुस्त करावा. मी नियम पाळून गाडी चालवतो, आजवर एकदाही पडलेलो नाही.

आता यातली गंमत सांगतो. बासष्टातली निम्मी माणसं तिथे पडलेली होती, आणि हे काकूंइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. वळणावर डावीकडे आडवी होऊन गाडी घासत गेली, की सीटचा मागचा डावा कोपरा फाटतो. अगदी तळहाताएवढा. असे कोपरे काकूंनी डझनांनी शिवले होते. कशाने फाटलं हो, असं विचारलं की गिऱ्हाईक म्हणे, मांजराने नखं मारली. गावातल्या झाडून सगळ्या मांजरांना सीटचा डावा कोपराच तेवढा आवडत होता. दुचाकीवाला बाकी सगळं कबूल करेल, पण पडलो म्हणणार नाही. पडलो तरी नाक वर. काकू समजून उमजून हसत, कोपरा शिवून देत, आणि कोणाचं नाव कोणाजवळ काढत नसत. बाकावरचं बाकावर, हा त्यांचा धर्म होता.

आणि काढणार कोणत्या तोंडाने? तीन वर्षांपूर्वी त्या स्वतः तिथेच आडव्या झाल्या होत्या. मागे मास्तर. मास्तरांचा हात मोडला, काकूंच्या कोपराची सालटी निघाली. गावात सांगितलं, कुत्रं आडवं आलं. मास्तरांनी त्या कुत्र्याला काळा रंग दिला, एक कान पांढरा केला, पुढे पुढे तर ते जरासं लंगडतही असे. काकूंनी आपल्यापुरता हिशोब लावला होता: कुत्रं आडवं येऊन पडणं हे काही पडणं नव्हे.

आठव्या दिवशी काकूंनी सुनेपुढेही कागद ठेवला. "लिही. सहा वर्षं रोज जाते, एकदाही पडलेले नाही."

सुनेने सहा वर्षं लिहिलं आणि थांबली. मग म्हणाली, "छोटी उठली वाटतं," आणि आत गेली. छोटी उठलेली नव्हती. पण काकू तेव्हा कागद मोजण्यात गर्क होत्या. एकसष्ट झाले होते. बासष्टावा त्यांनी स्वतःचा लिहिला, ठसठशीत अक्षरात.

सुनावणी पुलाच्या खात्याच्या सभागृहात, सकाळी अकराला. लांब टेबल, त्यामागे पुलाचे साहेब, बाजूला टिपण घेणाऱ्या एक बाई, आणि समोर खुर्च्यांवर काकूंची फौज. सगळे इस्त्रीचे कपडे घालून, हेल्मेटं मांडीवर. मास्तर मागच्या रांगेत. सून डबा खायच्या सुटीत थेट रुग्णालयातून आली होती, पांढऱ्या गणवेशातच. ती दाराजवळ उभी राहिली. काकूंनी गठ्ठा टेबलावर ठेवला तो असा, की आता बोला.

साहेब काही दुष्ट नव्हते, हे सांगायला हवं. शांत माणूस. कागद वाचणारा. आणि वाचणारा साहेब काकूंना चौदा वर्षांत पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी एक एक करून सगळे बासष्ट कागद वाचले. पंचवीस मिनिटं सभागृहात फक्त पंख्याचा आवाज. मग त्यांनी चष्मा काढला.

"बाई, तुमचं म्हणणं असं की सांध्याची पट्टी वर आली आहे, म्हणून दुचाक्या घसरतात."

"हो," काकू म्हणाल्या.

"आणि ही तुमची बासष्ट माणसं वर्षानुवर्षं रोज त्या पट्टीवरून जातात, आणि एकही कधी पडलेला नाही."

"नाही. सगळे नीट चालवणारे आहेत."

"मग पट्टीचा काय दोष?" साहेबांनी शांतपणे विचारलं. "माझ्याकडे पोलिसांचे एकोणीस अहवाल आहेत. सगळ्यांत लिहिलंय, चालकाचं नियंत्रण सुटलं. म्हणजे नीट चालवणारा पडत नाही, वेडावाकडा चालवणारा पडतो. हे तुम्हीच बासष्ट वेळा लिहून दिलंय. आता वेडेवाकडे मी पुलाच्या तोंडाशी निवडत बसू शकत नाही. म्हणून बंदी सगळ्यांना. पट्टीमुळे माणूस पडल्याची एक तरी नोंद दाखवा, मी आज खोदाई सुरू करतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चौदा वर्षं घासूनपुसून लखलखीत ठेवलेलं वाक्य काकूंच्याच पायावर येऊन पडलं होतं.

काकूंनी मागे वळून पाहिलं. टपालवाला हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होता. मागच्या पावसाळ्यात शिवलेला कोपरा. दोन्ही वायरमन छताकडे पाहत होते. दोन कोपरे. शाळेतल्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. सगळे मूग गिळून बसलेले. आणि का नाही बसणार? प्रत्येकाला वाटत होतं, पडणारा आपण एकटाच. काकूंनीच तर तसं वाटायला लावलं होतं.

फिटर वाकून कानात म्हणाला, "काकू, नावं घ्या. तुम्हाला सगळी ठाऊक आहेत."

"नाही घेणार," काकू म्हणाल्या. मग त्या उठल्या. आवाज तोच, मशीनच्या वर ऐकू जाणारा.

"साहेब, ते कागद बाजूला ठेवा. मजकूर मी सांगितलाय, आणि माझा कागद साफ खोटा आहे. तीन वर्षांपूर्वी, सकाळी नऊच्या सुमाराला, मी त्या पट्टीवर पडले. वेग पंचवीस. मागे हे होते, यांचा हात मोडला." त्यांनी बाही वर करून कोपर दाखवलं. "तेहतीस वर्षं गाडी चालवते मी. मला नीट चालवता येत नाही असं कोणाला म्हणायचं असेल त्याने खुशाल म्हणावं."

मागून टपालवाल्याने हळूच विचारलं, "काकू, आणि ते कुत्रं?"

"कुत्रं नव्हतं," मागच्या रांगेतून मास्तर म्हणाले. "ते मी काढलेलं होतं."

थोडे हसले. साहेबही जरासे. पण लगेच म्हणाले, "बाई, हे तुमच्या तोंडचं झालं. तेही तीन वर्षांनी. याची कुठे नोंद आहे का?"

नव्हती. हाडं बसवणाऱ्यालासुद्धा कुत्रंच सांगितलं होतं. काकू उभ्याच राहिल्या. नात रविवारी येत जाईल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"माझी आहे," दारातून आवाज आला.

सून पुढे आली. पांढरे बूट वाजत होते. ती साहेबांकडे पाहून बोलत होती, काकूंकडे नाही.

"मी त्या पट्टीवर दोनदा पडले. दुसऱ्यांदा मला पाचवा महिना होता. माझ्याच रुग्णालयात दाखल झाले, तिथे केसपेपर आहे. तारीख आहे, वेळ आहे. पडण्याचं कारण डॉक्टरांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. पुलावरच्या सांध्याची वर आलेली लोखंडी पट्टी. अपघात विभागात असे आणखी बरेच कागद आहेत. पोलिसांकडे माणूस जात नाही साहेब, मलमपट्टीला मात्र येतो. ती मीच करते."

टिपण घेणाऱ्या बाईंनी लिहिणं थांबवलं होतं. मग टपालवाला उठला. हेल्मेट काखेत मारून उभा राहिला. मग शाळेतल्या बाई. मग दोन्ही वायरमन. साहेबांनी मोजायला सुरुवात केली आणि सत्तावीसवर थांबले. म्हणाले, सगळ्यांनी पुन्हा लिहून द्या, आणि या वेळी खरं. बंदी त्यांनी तिथल्या तिथे स्थगित केली. सांगून टाकतो, पुढच्या महिन्यात पट्टी बदलली आणि पाटी उतरली. पण ते पुढचं.

त्या दुपारी खाली आवारात नुसता जल्लोष. अध्यक्षांना माईक नव्हता तरी भाषण चालू होतं. काकू मात्र गर्दीतून वाट काढत गाड्यांच्या रांगेपाशी गेल्या. सून हेल्मेटचा पट्टा लावत होती.

"सीट कुठे शिवून घेतलीस?" काकूंनी विचारलं. दुसरं काय विचारावं ते त्यांना सुचलंच नाही.

"पलीकडे. रुग्णालयाच्या गल्लीत एक जण आहे."

काकूंनी वाकून डावा कोपरा पाहिला. शिवण बरी होती. त्यांनी गाडीची मूठ धरली.

"मला का नाही गं सांगितलंस?"

"पहिल्या वेळी सांगायलाच आले होते, आई. दुकानाच्या दारापर्यंत आले. तुम्ही बाकावर कोणाला तरी सांगत होतात, माझ्या घरात कोणी पडत नाही. किती आनंदाने सांगत होतात. मग तशीच मागे फिरले."

"आणि दुसऱ्या वेळी?"

सुनेने लावलेला पट्टा पुन्हा सोडला. "दुसऱ्या वेळी बाळ हलत नव्हतं. तीन तास. मी तिथे कॉटवर पोटावर हात ठेवून पडून होते. मग हललं."

"जवळ कोण होतं तुझ्या?"

"कोणी नाही. तुम्हाला फोन केला होता मी."

काकूंना तो फोन आठवला. उशीर होईल, जास्तीचं काम आहे, असं सून म्हणाली होती. आवाज बारीक येत होता. काकूंच्या हातात तेव्हा कोणाची तरी सीट होती, आणि त्यांनी घाईत सांगितलं होतं, बरं, मग येताना काळ्या दोऱ्याची दोन रिळं घेऊन ये.

"आणली होती," सून म्हणाली.

काकूंनी मूठ सोडली नाही. मागे फिटर त्यांना भाषणासाठी हाका मारत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या सुनेच्या हातावर हात ठेवून, पन्नास माणसांच्या देखत, हुंदका न आवरता रडत उभ्या होत्या. सून कामावर वीस मिनिटं उशिरा पोचली.